पुच्छमुख सर्प आणि ज्ञानवादी पंथ

मागील महिन्यांत या सदरांत मिथ्रदेवाच्या भुयारी देवळांविषयीं लिहिलें होतें. तें वाचून विदर्भांतील एका भगिनींनीं लांबलचक पत्र पाठविलें आहे. त्याचा सारांश असा: त्यांच्या सासरीं आजेसासऱ्यांच्या वेळचीं थिऑसफीचीं कांहीं पुस्तकें आहेत. त्यांच्या पुठ्ठ्यावर एक चिन्ह छापलेलें आहे. आपलेंच शेपूट तोंडांत धरून वर्तुळाकार झालेला एक सर्प, त्याच्या पोटांत परस्परांत गुंतलेले दोन त्रिकोण, त्यांच्या मध्यभागीं डोक्यावर कडी असलेला एक क्रूस, सर्पाच्या तोंडापाशीं स्वस्तिक आणि सर्वांवर ॐ. थोरले दीर म्हणतात, हें सारें आपल्याच योगशास्त्रांतून पश्चिमेस गेलें; पुस्तकांत ज्या 'ग्नॉस्टिक' पंथाचा उल्लेख येतो त्याचें नांवच मुळीं आपल्या 'ज्ञान' शब्दावरून पडलेलें आहे, आणि सर्प म्हणजे कुंडलिनी, मग आणखी पुरावा तो काय पाहिजे? धाकटे भावोजी कॉलेजांत शिकवितात. त्यांच्या मतें हा केवळ दुरभिमान होय. सासूबाईंचा प्रश्न मात्र सर्वांत व्यावहारिक आहे. हीं पुस्तकें देवघराशेजारच्या फडताळांत ठेवावीं कीं न ठेवावीं, एवढेंच त्यांस हवें आहे.

सासूबाईंस उत्तर देण्याचा माझा अधिकार नाहीं. दीर-भावोजींच्या वादांत पडणेंही शहाणपणाचें नव्हे; परंतु विषय इतका मनोरंजक आहे कीं मोह आवरत नाहीं.

ग्नॉस्टिक, म्हणजे ज्ञानवादी, हें नांव इसवी सनाच्या पहिल्या तीन-चार शतकांत मिसर, सीरिया व रोम येथें उदयास आलेल्या अनेक लहानमोठ्या पंथांस मिळून दिलें जातें. त्यांतील बहुतेक स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत. त्यांचा एक संप्रदाय नव्हता, एक गुरु नव्हता, आणि हें सरसकट नांव तरी वापरावें कीं नाहीं याविषयींही आजकालचे विद्वान साशंक आहेत. तथापि त्यांच्या ग्रंथांतून एक सूत्र वारंवार आढळतें. हें दृश्य जग परमेश्वरानें निर्मिलेलें नसून एका खालच्या दर्जाच्या, अज्ञानी व गर्विष्ठ अधिपतीनें निर्मिलें आहे. मनुष्याच्या ठायीं वरील प्रकाशाचा एक कण अडकून पडलेला आहे. आणि आपण कोण व कोठून आलों हें ज्यास कळलें तो सुटला. आपल्या वाचकांस यांत वेदांताचा भास होईल. पण अद्वैतांतील ईश्वर हा कांहीं जीवाचा तुरुंगाधिकारी नव्हे. येथें जगाचा कर्ता तसा आहे. हा भेद पुढें चिन्हांचा विचार करितांना फार उपयोगीं पडेल.

या लोकांविषयींची आपली माहिती दीर्घकाळ त्यांच्या शत्रूंनीं लिहिलेल्या खंडनग्रंथांवरच अवलंबून होती. चार्वाकाचें मत जसें आपण त्याच्या प्रतिपक्ष्यांच्या तोंडूनच ऐकतों, तसाच हा प्रकार. पुढें १७८५ मध्यें ब्रिटिश म्यूझियमनें एक कॉप्टिक हस्तलिखित विकत घेतलें. 'पिस्तिस सोफिया' या नांवाचा मोठा ज्ञानवादी ग्रंथ त्यांत होता. परंतु खरें भांडार उघडलें तें डिसेंबर १९४५ मध्यें. वरच्या मिसरांत नाग हम्मादी गांवानजीक डोंगराच्या पायथ्याशीं खत खणणाऱ्या शेतकऱ्यांस तोंड बंद केलेलें एक मातीचें भांडें सांपडलें. त्यांत कातडी बांधणीचीं पपायरसचीं पुस्तकें निघालीं. बारा पुस्तकें आणि तेराव्याचीं कांहीं पानें, मिळून पन्नासाहून अधिक ग्रंथ. त्यांपैकीं कांहीं पानें घरच्या माउलीनें चुलींत घातलीं, असें सांगतात. ही शोधकथा जशी सांगितली जाते तशी घडली कीं काय याबद्दल कांहीं अभ्यासकांस शंका आहे. आपल्याकडेही किती पोथ्या बंबांत गेल्या असतील तें आठवून त्या माउलीस दोष देण्याचें धैर्य होत नाहीं. हीं पुस्तकें आतां कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयांत आहेत. बांधणीच्या पुठ्ठ्यांत भरलेल्या रद्दी कागदपत्रांवर ३४१, ३४६ व ३४८ या सालांच्या तारखा आढळल्यामुळें तीं चौथ्या शतकाच्या मध्यास बांधलीं गेलीं असें ठरतें.

आतां सर्पाकडे वळूं. शेपूट तोंडांत धरलेल्या या सर्पास ग्रीक भाषेंत 'ऊरोबोरॉस' म्हणजे पुच्छभक्षक असें नांव आहे. याचें जुन्यांत जुनें ज्ञात चित्र १९२२ मध्यें उघडलेल्या तुतनखामेन राजाच्या थडग्यांत मिळालें. सोन्यानें मढविलेल्या चार देव्हाऱ्यांपैकीं दुसऱ्यावर एक मोठी देवमूर्ति कोरलेली असून, तिच्या मस्तकाभोंवतीं एक आणि पायांभोंवतीं एक असे दोन पुच्छमुख सर्प आहेत. हा काळ ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकाचा. मिसरी लोकांच्या कल्पनेप्रमाणें सूर्य रात्रीं पाताळांतून प्रवास करितो, तेव्हां त्याच्याभोंवतीं वेटोळें घालून त्याचें रक्षण करणारा एक सर्प असतो. म्हणजे हें चिन्ह मूळांत संरक्षक कुंपणाचें आहे. जगाच्या आंतील सुव्यवस्था आणि बाहेरील अथांग अंधार यांमधील ती सीमा होय. ग्रीक किमयागारांनीं पुढें तेंच घेऊन त्याच्या पोटांत 'एक तेंच सर्व' असें लिहिलें आणि त्याला विश्वाच्या एकत्वाचें रूप दिलें.

ज्ञानवाद्यांनीं त्याचें काय केलें? 'पिस्तिस सोफिया' मध्यें येशूच्या तोंडीं बाह्य अंधकाराचें वर्णन घातलें आहे. तो अंधकार म्हणजे एक प्रचंड अजगर आहे, त्याचें शेपूट त्याच्या तोंडांत आहे, तो सर्व जगाला बाहेरून वेढून बसला आहे, आणि त्याच्या पोटांत यातनांच्या बारा कोठड्या आहेत! मिसरी मनुष्यास जें कुंपण वाटलें तेंच या लोकांस कारागृहाची भिंत वाटलें. चिन्हाची रेघसुद्धां बदललेली नाहीं. परंतु ज्याला जगच तुरुंग वाटूं लागलें त्याला तटबंदीचा आधार वाटेनासा होऊन धाक वाटूं लागला. पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या पुस्तकावरील सर्प अनादिअनंत काळाचें चिन्ह म्हणून छापलेला असतो. तो अर्थ किमयागारांचा व त्यानंतरच्या युरोपीय लेखकांचा आहे. 'पिस्तिस सोफिया' च्या कर्त्यास तें पुस्तक हातीं धरवलें नसतें.

आणि आपला शेष? तो शेपूट तोंडांत धरीतच नाहीं. नागपंचमीच्या चित्रापासून देवगढच्या अनंतशयनापर्यंत कोठेंही पहा, तो फणा उभारून देवावर छत्र धरितो. कुंडलिनी साडेतीन वेढे घालून निजलेली असते आणि जागी होऊन वर चढते. सर्प दोन्हीकडे आहे एवढ्यानें नातें सिद्ध होत नाहीं. ज्या ज्या देशांत साप आहेत तेथें तेथें माणसांनीं त्यांची पूजा केली आहे, त्यांची भीति बाळगली आहे, आणि तो कात टाकून नवा होतो याचें नवल केलें आहे.

याच पंथांत सर्पाचें दुसरेंही एक रूप आहे आणि तें पहिल्याच्या अगदीं उलट आहे. बायबलाच्या आरंभीं सर्प हव्वेला निषिद्ध फळ खाण्यास प्रवृत्त करितो ही कथा सर्वश्रुत आहे. कांहीं ज्ञानवाद्यांनीं तीच उलटी वाचली. जगाचा कर्ता मनुष्यापासून ज्ञान लपवीत होता आणि सर्पानें तें दिलें, तेव्हां सर्प हा गुरु ठरला! नाग हम्मादीच्या 'सत्याची साक्ष' या ग्रंथांत, आदामास ज्ञान मिळूं नये असें ज्यास वाटलें तो देव हेवेखोर ठरतो, असा उघड आक्षेप घेतलेला आहे. याच पक्षाच्या एका शाखेस 'नासेन' म्हणत. हिब्रू भाषेंत 'नाहाश' म्हणजे सर्प. दुसरीस ग्रीक शब्दावरून 'ओफाइट' नांव पडलें. ही कल्पना आली कोठून? त्याचा एक धागा भाषेंतच सांपडतो. आरामी भाषेंत हव्वेचें नांव, सर्पवाचक शब्द आणि 'शिकविणें' हें क्रियापद हीं तिन्हीं उच्चारांत जवळजवळ सारखीं आहेत. नाग हम्मादीच्या दुसऱ्या एका ग्रंथांत या श्लेषावर सारा प्रसंग रचलेला आहे. तो कॉप्टिकमध्यें कळत नाहीं, ग्रीकमध्येंही कळत नाहीं. कळतो तो फक्त आरामी जाणणारास. तेव्हां या चिन्हाची जन्मभूमि यहुदी लोकांच्या शाळेंत शोधावी लागते. मोशेनें सर्पदंशावर उपाय म्हणून पितळेचा सर्प उभारला आणि पुढें लोक त्यास धूप जाळूं लागले म्हणून हिज्कीया राजानें तो फोडून टाकला, असें बायबलांतच लिहिलें आहे. म्हणजे सर्प त्यांच्या घरांत पूर्वीपासून होताच.

ओफाइट पंथाच्या लोकांनीं विश्वाचा एक नकाशा काढला होता. सेल्सस नांवाच्या ग्रीक पंडितानें सुमारें १७८ सालीं त्याचें वर्णन केलें आणि ओरिजेन या ख्रिस्ती आचार्यानें पुढील शतकांत तो स्वतः मिळवून पाहिला. मूळ चित्र नष्ट झालें आहे. त्यांत एकमेकांशीं संबद्ध अशीं वर्तुळें होतीं, त्यांस वेढणारें एक मोठें वर्तुळ 'लिव्हायथन' या समुद्रसर्पाचें होतें, आणि मध्यें एक जाड काळी रेघ होती, ती नरकाची. वरच्या वाटेवर सात द्वारपाल: सिंहमुख, वृषभमुख, सर्पाकार, गरुडमुख, ऋक्षमुख, श्वानमुख व गर्दभमुख. आत्मा प्रत्येक दारापाशीं आला कीं त्यानें ठराविक परवलीचे शब्द उच्चारावे आणि सुटावें. सात द्वारें हीं सात ग्रहांचीं हें उघड आहे. दारोदारीं परवली सांगण्याची कल्पना मिसरांतील मृतांबरोबर पुरल्या जाणाऱ्या पोथ्यांत फार जुनी आहे. समुद्रसर्प यहुद्यांचा, ग्रहगोल ग्रीकांचे, परवली मिसरी: अलेक्झांड्रिया शहराच्या बाजारांत जें जें मिळत होतें तें तें या एका कागदावर उतरलेलें होतें.

आतां सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत फसव्या अशा चिन्हाविषयीं. युरोपांतील संग्रहालयांतून कोरीव खड्यांचे शेंकडों ताईत आहेत. त्यांवर कोंबड्याचें मस्तक, चिलखत घातलेलें मनुष्याचें धड आणि पायांच्या जागीं दोन सर्प, एका हातांत चाबूक व दुसऱ्यांत ढाल अशी आकृति असते. सोबत 'आब्रासाक्स' हें नांव पुष्कळदां आढळतें. ग्रीक लोक अक्षरांनींच अंक लिहीत. आपल्याकडील कटपयादि पद्धतीची येथें आठवण व्हावी. या नांवांतील अक्षरांची बेरीज करून पहा: १, २, १००, १, २००, १, ६०, एकूण ३६५. हेड्रियन बादशहाच्या वेळीं अलेक्झांड्रियांत शिकविणाऱ्या बासिलायडीज या ज्ञानवाद्याचा पंथ ३६५ स्वर्ग मानीत असे आणि त्यांच्या अधिपतीस हेंच नांव देत असे, असें आयरेनियस या खंडनकारानें लिहून ठेविलें आहे. झालें! एवढ्या आधारावर हे सर्व ताईत 'ग्नॉस्टिक रत्नें' म्हणून प्रसिद्धीस आले.

चार्ल्स विल्यम किंग या इंग्रज रत्नपंडितानें १८६४ मध्यें या विषयावर मोठें पुस्तक लिहिलें. १८८७ मध्यें त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. ज्ञानवादाचें बीज हिंदुस्थानांतलें, बौद्धांनीं तें पश्चिमेस नेलें, असें त्याचें प्रतिपादन होतें. याच सुमारास, फेब्रुवारी १८७९ मध्यें, मॅडम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कॉट मुंबईस उतरलीं. ऑक्टोबरांत 'थिऑसफिस्ट' मासिक तेथूनच निघूं लागलें, आणि १८८२ च्या अखेरीस मुख्य ठाणें अड्यारला हलेपर्यंत आपल्या मुंबईंत या मंडळींकडे सुशिक्षितांची रीघ असे. ब्लाव्हाट्स्कीबाईंचे चिटणीस मीड यांनीं १८९६ मध्यें 'पिस्तिस सोफिया' चें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. परक्या राज्यांत मान खालीं घालून बसलेल्या आपल्या पूर्वजांस एक गोरा पंडित सांगतो कीं ज्ञानाचा उगम तुमच्या घरीं आहे, तेव्हां त्यांस किती हायसें वाटलें असेल! आजेसासऱ्यांनीं तीं पुस्तकें जपून ठेविलीं यांत नवल नाहीं आणि त्यांस हंसण्याचें कारणही नाहीं.

पण किंगचा इमला टिकला नाहीं. कॅम्बेल बॉनर या अमेरिकन विद्वानानें १९५० मध्यें या ताइतांचा बारकाईनें अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांतील फारच थोड्यांचा ज्ञानवादी पंथांशीं संबंध जोडतां येतो असें दाखवून दिलें. बहुतेक ताईत पोटदुखी, ताप, बाळंतपण, प्रेम अशा नित्याच्या गरजांसाठीं मिसरी, यहुदी व ग्रीक मंत्रतंत्रांच्या मिश्रणांतून घडविलेले होते. कोंबडमुख्या आकृतीचें वर्णन उपलब्ध असलेल्या एकाही ज्ञानवादी ग्रंथांत नाहीं. 'आब्रासाक्स' हें नांव नाग हम्मादीच्या पुस्तकांत येतें खरें, पण तेथें तो सर्वेश्वर नसून एका दिव्य ज्योतीचा सेवक आहे.

या ताइतांपैकीं एकाची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सिंहाचें तोंड, त्याभोंवतीं सात किंवा बारा किरण आणि खालीं सर्पाचें शरीर अशी 'ख्नूबिस' नांवाची आकृति हिरव्या खड्यावर कोरून पोटावर बांधीत. ज्ञानवाद्यांच्या 'योहानाचा गुप्त ग्रंथ' या पुस्तकांत जगाच्या अज्ञानी कर्त्याचें रूपही सिंहमुखी सर्पाचेंच आहे. हें सादृश्य मात्र खरोखर विचार करण्याजोगें आहे. दुसऱ्या शतकांतील प्रख्यात वैद्य गॅलेन यानें या खड्याची परीक्षा केली. आकृति न कोरलेल्या साध्या खड्यांची माळ करून ती रोग्यांच्या पोटाच्या तोंडाशीं येईल अशी गळ्यांत घातली, आणि गुण तितकाच आला असें तो लिहितो. खड्यानें तरी गुण येतो काय, हें त्यानें पाहिलें नाहीं; पण अर्धी परीक्षा तरी केली!

हा ख्नूबिस म्हणजे मिसरी ज्योतिषांतील एक 'डेकान'. मिसरी लोक रात्रीचा काळ मोजण्यासाठीं ताऱ्यांचे छत्तीस गट मानीत. ग्रीक ज्योतिष्यांनीं ते बारा राशींत प्रत्येकीं तीन असे बसविले आणि प्रत्येकास एक रूप दिलें. थोरल्या दीरांनीं आतां घरचें पंचांग व जातकग्रंथ काढून बसावें. राशीच्या तिसऱ्या भागास आपण काय म्हणतों? द्रेष्काण. हा शब्द संस्कृत नाहीं. ग्रीक 'डेकानोस' चें तें रूपांतर आहे. वराहमिहिरानें बृहज्जातकाच्या शेवटीं छत्तीसही द्रेष्काणांचीं रूपें वर्णिलीं आहेत, त्यांत सर्पांनीं वेढलेल्या आकृति आहेत, आणि हें यवनांचें मत म्हणून सांगण्यास त्याला कमीपणा वाटत नाहीं. होरा, केंद्र हे शब्दही त्याच वाटेनें आले. म्हणजे मिसरच्या मंदिरांतील ताऱ्यांचीं रूपें एका बाजूस ताइतावर गेलीं आणि दुसऱ्या बाजूस आपल्या जन्मपत्रिकेंत येऊन बसलीं. देवाणघेवाण झाली हें खरें. परंतु ज्या एका चिन्हमालेचा माग कागदोपत्रीं लागतो ती तिकडून इकडे आलेली आहे.

भावोजींनीं मात्र लगेच विजय मानूं नये. हिंदुस्थान व अलेक्झांड्रिया यांचा संबंध काल्पनिक नव्हता. पहिल्या शतकांतील एका ग्रीक खलाशाच्या ग्रंथांत कल्याण, सोपारा, पैठण व तेर यांचीं नांवें आहेत. एडेसाच्या बार्दैसान यानें रोमकडे जाणाऱ्या हिंदी वकिलांकडून ब्राह्मण व श्रमण यांची माहिती मिळविली. अलेक्झांड्रियाच्या क्लेमंटनें बुद्धाचें नांव लिहिलें आहे. आणि जानेवारी २०२२ मध्यें तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरांत, इसिस देवीच्या देवळाच्या पुढील चौकांत, दुसऱ्या शतकांतील संगमरवरी बुद्धमूर्ति सांपडली. सोबत संस्कृत लेख आणि सातवाहनांचीं दोन नाणींही मिळालीं. पैठणच्या राजांचीं नाणीं इसिसच्या आवारांत! तेव्हां आपल्या विचारांचे कांहीं शब्द, कांहीं कथा तेथील बाजारांत ऐकूं आल्या असल्यास आश्चर्य नाहीं. पण ऐकूं येणें निराळें आणि उगम असणें निराळें. ज्या चिन्हांचा आज विचार केला, त्यांपैकीं प्रत्येकाचें मूळ जवळच्याच घरांत सांपडतें. त्यासाठीं समुद्र ओलांडावा लागत नाहीं.

'ग्नोसिस' आणि 'ज्ञान' या शब्दांचें नातें मात्र खरें आहे. आपलें 'जाणणें' आणि इंग्रजांचें 'नो' हींही त्याच कुळांतलीं. परंतु हें नातें भावंडांचें आहे, मायलेकरांचें नाहीं. ग्रीक व संस्कृत दोन्ही एका फार प्राचीन भाषेच्या लेकी, म्हणून दोघींच्या घरीं तेंच भांडें आढळतें. एकीनें दुसरीकडून तें उसनें आणलें असें होत नाहीं.

राहिला तो कडीचा क्रूस. तो मिसरांतील 'आंख', जीवनाचें चिन्ह. देव तो राजाच्या नाकाशीं धरितात असें चित्र तेथील भिंतींवर जागोजाग आहे. ३९१ च्या सुमारास अलेक्झांड्रियांतील सेरापिस देवाचें भव्य मंदिर ख्रिस्ती लोकांनीं पाडलें, तेव्हां उघड्या पडलेल्या दगडांवर क्रूसासारखीं अक्षरें दिसलीं. सॉक्रेटीस नांवाचा पाचव्या शतकांतील इतिहासकार लिहितो कीं, दोन्ही पक्ष तें चिन्ह आपापलें म्हणून भांडूं लागले. ख्रिस्ती म्हणाले, हें आमच्या प्रभूच्या क्रूसाचें भविष्य. जुन्या धर्माचे लोक म्हणाले, हें आमच्या देवाचेंही आहे आणि तुमच्याही. मग ती लिपि जाणणाऱ्या, नुकताच धर्मांतर केलेल्या कांहीं मिसरी लोकांनीं सांगितलें कीं या अक्षराचा अर्थ 'येणारें जीवन' असा आहे. त्यावर ख्रिस्ती पक्षास अधिकच जोर चढला, आणि मिसरी चर्चनें तो कडीचा क्रूस उचलून आपल्या थडग्यांवर, वस्त्रांवर व पुस्तकांवर काढण्यास आरंभ केला. आजेसासऱ्यांच्या पुठ्ठ्यावर मध्यभागीं आहे तो हाच.